यंत्राच्या पोटात काळा पाषाण

नगर-मनमाड रस्त्याने शहर मागे टाकले की नागापूरची औद्योगिक वसाहत लागते. मोठ्या कारखान्यांच्या कमानी ओलांडून आत शिरले, म्हणजे लहान गाळ्यांची रांग सुरू होते. एखादा लेथ, एखादे ड्रिलिंग मशीन, ग्राइंडर आणि जागा उरलीच तर मिलिंग मशीन, असा या गाळ्यांचा संसार असतो. पूर्ण आकाराचे मिलिंग मशीन टनाच्या आसपास वजनाचे. ते घ्यायचे तर भांडवल हवे, जागा हवी आणि थ्री फेज वीजजोडणीही हवी. त्यामुळे हौसेने धातुकाम करणारे, अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि व्यवसायात नव्याने उतरलेले तरुण यांची नजर टेबलावर मावणाऱ्या, घरगुती विजेवर चालणाऱ्या छोट्या मिलिंग मशीनकडे वळते. यांतील बरीच यंत्रे चिनी बनावटीची असून अगदी लहान यंत्रांचे वजन ५०-६० किलोच्या घरात असते.

असे यंत्र ॲल्युमिनियमवर बरे चालते. पोलादाचा तुकडा लावला की त्याची परीक्षा सुरू होते. कटर किंचाळतो, जॉबच्या पृष्ठभागावर खवल्यांसारख्या खुणा उमटतात, कार्बाइडच्या एंड मिलचे कोपरे उडतात. कारागीर याला 'चॅटरिंग' म्हणतात. त्यावर हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे यंत्राच्या पोकळ बैठकीत दगडाची बारीक खडी आणि इपॉक्सी रेझिन यांचे मिश्रण भरून टाकणे. या मिश्रणाला 'इपॉक्सी ग्रॅनाइट' असे नाव आहे. उपाय चांगला आहे. मात्र एकदा भरलेले मिश्रण पुन्हा बाहेर निघत नाही. म्हणूनच ते नेमके काय करते आणि काय करत नाही, हे आधी समजून घेतलेले बरे.

थरथर येते कोठून?

कापण्याच्या यंत्रांतील या थरथरीने अभियंत्यांना शंभर वर्षांहून अधिक काळ छळले आहे. 'शास्त्रीय व्यवस्थापना'चे जनक म्हणून ओळखले जाणारे फ्रेडरिक टेलर यांनी धातुकर्तनावरील आपल्या १९०६ च्या प्रबंधात, कारागिरापुढील सर्वांत गूढ प्रश्नांत तिची गणना केली होती. पुढे १९५० आणि ६० च्या दशकांत टोबायस आणि त्लुस्ती या दोन संशोधकांनी तिचे गणित मांडले. कटरचा एक दात धातूवर लाट उमटवून जातो. पुढचा दात त्या लाटेवरून जाताना कमी-अधिक जाडीचा थर कापतो. जाडी बदलली की बल बदलते, बल बदलले की यंत्र आणखी हलते आणि नवी लाट आधीच्या लाटेपेक्षा मोठी होते. यंत्र स्वतःच आपल्या थरथरीला खतपाणी घालत राहते.

या गणितातून निघणारा निष्कर्ष सोपा आहे. थरथर न होता जास्तीत जास्त किती खोल काप घेता येईल, हे ढोबळमानाने दोन गोष्टींच्या गुणाकारावर ठरते. एक, यंत्राचा ताठरपणा, म्हणजे बल लावल्यावर न वाकण्याचा गुण. दुसरी, अवमंदन, म्हणजे सुरू झालेले कंपन विझवून टाकण्याचा गुण. यांपैकी कोणतीही एक दुप्पट झाली, तर सुरक्षित कापाची खोलीही जवळपास दुप्पट होते. पितळी घंटा ठोका दिल्यावर बराच वेळ घुमते, मातीचे मडके 'टक्' करून गप्प होते. अवमंदन म्हणतात ते हेच. इपॉक्सी ग्रॅनाइट या बाबतीत मडक्याच्या जातीचे आहे.

बिडाला पर्याय

यंत्राच्या बैठकीसाठी परंपरेने बीड वापरले जाते. बिडात कार्बनच्या सूक्ष्म पापड्या विखुरलेल्या असतात. त्या कंपनाची ऊर्जा गिळतात. पोलादापेक्षा बिडाचे यंत्र शांत चालते ते त्यामुळेच. नगरकरांना ओतकाम नवे नाही. विजापूरच्या बुरुजावर विराजमान असलेली सुमारे ५५ टनांची मुलूख-ए-मैदान तोफ १५४९ मध्ये नगरलाच ओतली गेली होती. पण तोफ असो वा लेथचा बेड, धातू ओतायचा म्हणजे भट्टी आली, साचा आला आणि ओतीव थंड होताना त्यात राहून जाणारे अंतर्गत ताण आले. हे ताण सैल पडावेत म्हणून पूर्वी बिडाची ओतीवे महिनोन्‌महिने उघड्यावर ठेवून 'मुरवली' जात.

भट्टीशिवाय बैठक तयार करण्याचे प्रयत्नही जुने आहेत. पहिल्या महायुद्धाच्या काळात तोफगोळ्यांचे काम निघाले आणि यंत्रांचा तुटवडा पडला, तेव्हा लुसियन योमन्स या अमेरिकी अभियंत्याने काँक्रीटच्या बैठकीचे लेथ उभे केले. रेझिनमध्ये दगड बांधण्याची कल्पना औद्योगिक पातळीवर रुजली ती १९७० च्या दशकात. ग्राइंडिंग यंत्रे बनविणाऱ्या श्टुडर या स्विस कंपनीने 'ग्रॅनिटान' या नावाने असा पदार्थ आपल्या यंत्रांच्या बैठकीसाठी वापरात आणला. अमेरिकेतील हार्डिंज कंपनीने बिडाच्या बैठकीच्या पोकळीत 'हारक्रीट' नावाचे पॉलिमर मिश्रण भरण्याची रीत स्वीकारली. हौशी कारागीर घरी करू पाहतात तो प्रयोग हार्डिंजच्या या रीतीचाच धाकटा भाऊ म्हणायला हवा. आपल्याकडे कोइमतूरच्या पीएसजी तंत्रज्ञान महाविद्यालयातील संशोधकांनी पोलादी सांगाडा आत ठेवून ओतलेल्या इपॉक्सी ग्रॅनाइटच्या खांबांचा अभ्यास केला आहे.

ताठरपणाचा भ्रम

हा उपाय सांगताना 'यंत्र ताठ होते' असे सर्रास म्हटले जाते. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. पदार्थाचा ताठरपणा ज्या गुणांकाने मोजतात, तो पोलादासाठी सुमारे २०५ गिगापास्कल, बिडासाठी ११० च्या आसपास आणि इपॉक्सी ग्रॅनाइटसाठी साधारण ३० ते ४० असतो. म्हणजे भरण बिडाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकेच ताठ.

एक हिशेब करून पाहू. बिडाची एक आयताकृती पेटी घेतली. रुंदी २०० मिलिमीटर, उंची १००, भिंतीची जाडी ८. तिची पोकळी ३० गिगापास्कलच्या मिश्रणाने पूर्ण भरली, तर वाकण्याला होणारा विरोध सुमारे ३३ टक्क्यांनी वाढतो. याउलट वजन दुपटीहून अधिक होते, कारण दर मीटर लांबीला ३३ किलो बिडात ३७ किलो भरण मिसळते. ताठरपणा थोडा आणि वस्तुमान पुष्कळ वाढल्याने पेटीची स्वाभाविक कंपनसंख्या वर जाण्याऐवजी सुमारे २० टक्क्यांनी खालीच येते. तीच पेटी ३ मिलिमीटर पोलादी पत्र्याची असेल, तर मात्र वाकण्याच्या विरोधात ६० टक्के वाढ मिळते. भिंत जितकी पातळ, तितका भरणाचा लाभ मोठा.

छोट्या यंत्रांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. त्यांची बैठक बहुधा खालून उघडी, उपड्या ताटासारखी असते. असा उघडा आकार पिळाला फार कमी विरोध करतो. पोकळी भरून खालून जाड पोलादी पट्टी बोल्टने आवळली, तर आकार बंद होतो आणि पिळाविरुद्धचा ताठरपणा लक्षणीय वाढतो. पातळ भिंतींचे ढोलासारखे वाजणेही थांबते. त्यामुळे 'ताठरपणा वाढतो' हे विधान वाकण्यापेक्षा पिळाच्या बाबतीत अधिक खरे आहे.

उरलेला आणि मोठा लाभ अवमंदनाचा. बिडापेक्षा सहा ते दहा पट अवमंदन मिळते, असे या पदार्थाचे उत्पादक सांगतात. मात्र हा आकडा निव्वळ पदार्थाचा आहे. जोडणी झालेल्या यंत्रात कंपन विझवण्याचे बहुतेक काम सांधे, स्लाइड आणि त्यांतील तेलाचा थर करत असतो. तेव्हा भरणानंतर संपूर्ण यंत्र दहा पट शांत होईल, अशी आशा धरू नये.

भरण्यापूर्वी मोजा

हौशी मंडळी नेमकी येथेच घाई करतात. बैठक भरली, पण दोष बैठकीत नव्हताच, असे होऊ शकते. सीग एक्स-२ या जगभर खपलेल्या छोट्या चिनी मिलिंग मशीनचे उदाहरण घ्या. त्याचा खांब तिरका करता यावा म्हणून बैठकीला तो तळाशी एका मोठ्या नटावर जोडलेला असतो. यंत्राचे लवचीक स्थान तेच. बैठकीच्या पोटात कितीही पाषाण भरला तरी त्या नटाजवळ खांब डोलायचा तो डोलणारच. अशा यंत्रात खांबाच्या मागे जाड पट्टी उभी करून तो बैठकीशी पक्का बांधणे हे पहिले काम.

मोजण्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. एक डायल गेज आणि वजनाचा स्प्रिंगकाटा पुरेसा आहे. स्पिंडलला दोर बांधून काट्याने २० किलोचा ताण द्यावा आणि टेबलाच्या संदर्भात स्पिंडल किती हलते ते डायलवर पाहावे. समजा काटा १०० मायक्रॉन हलला, तर ताठरपणा दर मायक्रॉनला सुमारे दोन न्यूटन. हेच माप खांबाच्या पायथ्याशी, मध्यावर, डोक्याजवळ आणि टेबलाच्या स्लाइडवर घेतले, की कोणता भाग किती लवतो याचा नकाशाच हाती येतो. कित्येकदा ढिली झालेली जिब आवळल्यानेच निम्मा प्रश्न सुटतो. विळद घाट, लोणी, संगमनेर, कोपरगाव येथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी विद्यार्थ्यांनी हा विषय घ्यावा असे वाटते. भरणापूर्वीचे आणि नंतरचे आकडे शेजारीशेजारी मांडलेले क्वचितच पाहायला मिळतात.

नगरचा दगड

नावात ग्रॅनाइट असले तरी ग्रॅनाइटच हवा असे नाही. दगड घट्ट, कोरडा आणि कमी सच्छिद्र असावा एवढीच अट. स्वयंपाकघराच्या ओट्यावर जो काळा 'ग्रॅनाइट' मिरवतो, तोही भूशास्त्राच्या दृष्टीने पुष्कळदा ग्रॅनाइट नसतो, हे जाता जाता सांगायला हरकत नाही.

नगर जिल्हा उभा आहे तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांवर. त्यातला घट्ट काळा बेसाल्ट या कामाला उत्तम; रस्ते आणि स्लॅबसाठी खडी क्रशरवर फुटतो तोच. मात्र सर्वच काळा दगड सारखा नसतो. ज्यात भोके आहेत किंवा ती भोके पांढऱ्या खनिजांनी भरली आहेत, असा दगड टाळावा. मुरूम तर मुळीच चालणार नाही. क्रशरवर मिळणारी 'डस्ट' थेट वापरू नये, कारण तिच्यात माती मिसळलेली असते आणि मातीवर रेझिन धरत नाही.

दोन पक्क्या भिंतींमधली पोकळी दगडाच्या भरणाने भरण्याची युक्तीही या भूमीला परकी नाही. दख्खनमधील जुन्या किल्ल्यांच्या आणि वाड्यांच्या जाड भिंतींत बाहेरून घडीव दगड आणि आत चुन्यात कालवलेले डबर असते. येथे चुन्याची जागा इपॉक्सीने घेतली आहे.

मिश्रण आणि भरणी

रेझिन हा या मिश्रणातला सर्वांत महाग आणि सर्वांत लवचीक घटक. तो जितका कमी, तितके मिश्रण चांगले. पण दगडांमधली प्रत्येक फट भरलीच पाहिजे. म्हणून दगड एकाच मापाचा घेत नाहीत. मोठ्या खड्यांच्या फटीत मध्यम, मध्यमांच्या फटीत बारीक अशी रचना करतात. फुलर आणि थॉम्पसन यांनी १९०७ मध्ये काँक्रीटसाठी मांडलेले प्रमाण येथेही उपयोगी पडते. सर्वांत मोठा खडा पोकळीच्या सर्वांत अरुंद भागाच्या एक पंचमांशाहून मोठा नसावा. ५० मिलिमीटरच्या पोकळीला १० मिलिमीटरचा खडा पुरे. सुरुवातीला निम्मा भाग मोठी खडी, पाव भाग दोन ते चार मिलिमीटरची आणि पाव भाग एक मिलिमीटरच्या आतली बारीक कच घेऊन पाहावे.

प्रमाण बरोबर आहे की नाही, हे पाण्याने तपासता येते. एक लिटरचे भांडे कोरड्या मिश्र खडीने ठोकून ठोकून काठोकाठ भरावे आणि मोजलेले पाणी त्यात हळूहळू ओतावे. २५० मिलिलिटर पाणी मावले, तर फटी २५ टक्के. तेवढीच जागा रेझिनला भरायची आहे. वजनात मांडले तर हे प्रमाण साधारण १२ टक्के रेझिन आणि ८८ टक्के दगड असे पडते, कारण बेसाल्ट रेझिनच्या अडीच पट जड असतो. १२ लिटरच्या पोकळीला या हिशेबाने सुमारे साडेतीन किलो रेझिन आणि २६ किलो खडी लागेल. पाणी ३५० मिलिलिटरच्या वर मावत असेल, तर बारीक कच वाढवावी. चाचणीत भिजलेली खडी अर्थातच बाजूला ठेवायची.

खडी धुऊन उन्हात दोन-तीन दिवस वाळवावी आणि वापरण्यापूर्वी पत्र्यावर गरम करून निववावी; दगडाच्या अंगातला ओलावा रेझिनची पकड बिघडवतो. भारतात एलवाय ५५६ हे रेझिन आणि एचवाय ९५१ हा हार्डनर ही जोडी प्रचलित आहे. वजनाने १०० भाग रेझिनला सुमारे १० भाग हार्डनर घेतात. प्रमाण अंदाजाने धरू नये, काट्यावरच मोजावे. हार्डनर जास्त टाकला की लवकर आणि पक्के जमते, हा समज चुकीचा आहे. प्रमाण चुकलेले रेझिन कायमचे चिवट-मऊ राहते.

बैठक सोडवून आतला रंग खरवडून काढावा. बिडात वर्षानुवर्षे तेल मुरलेले असते, ते ॲसिटोनने दोन-तीनदा पुसावे आणि पृष्ठभाग खरखरीत करावा. वायरिंग, तेलाचा निचरा, बोल्टची भोके यांची जागा राखण्यासाठी पीव्हीसी नळीचे तुकडे किंवा मेण लावलेले बोल्ट बसवावेत. याचा विसर पडला, तर पुढे लीडस्क्रूची नट बदलायलाही हात जाणार नाही. शक्य असेल तेथे लांब पोलादी सळ्या आत ठेवाव्यात.

यानंतरची दक्षता सर्वांत महत्त्वाची. बैठक उलटी ठेवताना तिला तीनच बिंदूंवर टेकू द्यावा. चार टेकूंवर ती किंचित पिळली आणि त्याच अवस्थेत भरण घट्ट झाले, तर स्लाइडचा वाकडेपणा कायमचा होतो. स्लाइडवर पट्टी व डायल धरून भरण्यापूर्वी सरळपणा तपासावा आणि मिश्रण जमण्यापूर्वी एकदा पुन्हा पाहावा.

आधी पोकळीच्या भिंतींना निव्वळ रेझिनचा हात द्यावा, मग मिश्रण थराथराने भरून ठोकावे. कागद काढलेला ऑर्बिटल सँडर बाहेरून टेकवला तर हवा चांगली निघते. फार वेळ थरथरवले तर खडी तळाशी बसते आणि रेझिन वर तरंगते. पृष्ठभागावर रेझिनची चकाकी दिसताच थांबावे.

नगरचा उन्हाळा या कामाचा वैरी आहे. एप्रिल-मेच्या दुपारी मिश्रण हाताशी धरेपर्यंत घट्ट होऊ लागते. काम पहाटे उरकावे किंवा हिवाळ्यावर ढकलावे. हिवाळ्यात रेझिन मधासारखे दाट होते, तेव्हा डबा कोमट पाण्यात ठेवावा. खोलीच्या तापमानाला जमलेले साधे इपॉक्सी ५०-६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते, म्हणून पत्र्याच्या शेडमध्ये यंत्र थेट तापणाऱ्या भिंतीलगत ठेवू नये. बादलीत उरलेले निव्वळ रेझिन तसेच सोडू नये. खोल भांड्यात ते स्वतःच्या उष्णतेने तापत जाते, धुमसते आणि प्लॅस्टिकची बादली वितळवते. उथळ पत्र्यावर पसरून ते जमू द्यावे.

हात आणि फुप्फुसे

इपॉक्सीचा हार्डनर त्वचेला लागत राहिला, तर काही जणांना त्याची ॲलर्जी जडते आणि ती बहुधा आयुष्यभर सुटत नाही. पुढे नुसत्या वासानेही अंगावर पुरळ उठते. नायट्राइलचे हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय डबा उघडू नये. हाताला लागलेले रेझिन थिनरने पुसण्याची सवय कारागिरांत सर्रास दिसते; थिनर ते त्वचेत आणखी आत नेतो. साबण आणि पाणी हाच मार्ग. खडी चाळताना मुखपट्टी हवी. खरा ग्रॅनाइट वापरणाऱ्यांनी तर विशेष काळजी घ्यावी, कारण त्यात स्फटिकी सिलिका भरपूर असते आणि सिलिकोसिसला औषध नाही. बेसाल्टमध्ये ती फारच थोडी, पण धूळ ती धूळच.

एवढा खटाटोप नको असेल, तर न आकसणारे सिमेंट ग्राउट हा स्वस्त पर्याय आहे. त्याचा ताठरपणा इपॉक्सी ग्रॅनाइटच्या जवळपास असतो, अवमंदन मात्र कमी. त्यातले पाणी बिडाला गंजवते. स्टँडच्या पायांत कोरडी वाळू भरण्याची युक्तीही वाईट नाही. तिने ताठरपणा वाढत नाही, पण कंपन बरेच मरते आणि वाळू हवी तेव्हा काढता येते. ज्यांना आपल्या यंत्राचा दोष अजून सापडलेला नाही, त्यांनी वाळूपासूनच सुरुवात करावी.

इपॉक्सीचे भरण एका दिवसात हाताला टणक लागते, परंतु पूर्ण बळ यायला आठवडा जातो. तोवर यंत्र जोडू नये. जोडणी झाल्यावर तोच स्प्रिंगकाटा, तोच २० किलोचा ताण आणि तेच बिंदू घेऊन पुन्हा मोजणी करावी. जुने आणि नवे आकडे यंत्राच्या झाकणाच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवावेत. पुढे कधी जिब ढिली झाली किंवा खांबाचा बोल्ट सैल पडला, तर तुलनेला तेच उपयोगी पडतात.